विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प: प्रश्न शोधण्यापासून परीक्षकांच्या प्रश्नांपर्यंत

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या फळ्यावर सूचना लागते: विज्ञान प्रदर्शनात भाग घेऊ इच्छिणाऱ्यांनी वर्गशिक्षकांकडे नावं द्यावीत. नावं भराभर येतात आणि त्याच संध्याकाळी घरोघरी 'मॉडेल कसलं करायचं?' हा घोळ सुरू होतो. यूट्यूब धुंडाळलं जातं, थर्माकोल येतो, शेवटच्या रविवारी बाबा कटर घेऊन बसतात. सोमवारी शाळेच्या सभागृहात ज्वालामुखी, पवनचक्की, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी आणि ठिबक सिंचनाचं हिरवंगार शेत ओळीने मांडलेलं असतं. मागच्या वर्षीही हेच होतं.

परीक्षक टेबलापाशी येतात. मुलगी पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणून दाखवते. मग ते एकच प्रश्न विचारतात, "ठिबकने पाणी वाचतं असं तू म्हणतेस. किती वाचलं? तू मोजलंस?" इथे बहुतेक मुलं गप्प होतात. त्यांची हुशारी कमी पडत नाही. मोजायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हा लेख त्या मोजण्याबद्दल आहे. आठवी-नववीतलं मूल, त्याचे पालक आणि हाताशी फारशी प्रयोगशाळा नसलेले शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. एकच प्रकल्प घेऊन तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. तोच करायला हवा असं नाही, पण असला एक जरी नीट पार पाडला तर पुढचे आपोआप सुचतात.

आधी स्पर्धा कोणती ते पाहा

सगळ्या ठिकाणी एकच प्रकल्प चालत नाही. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशी चढत जाणारी विज्ञान प्रदर्शनं एनसीईआरटीच्या राष्ट्रीय बालवैज्ञानिक प्रदर्शनाशी जोडलेली असतात. तिथे दरवर्षी एक मुख्य विषय आणि काही उपविषय जाहीर होतात आणि प्रकल्प त्यांपैकी एकात बसवावा लागतो. परिपत्रक शाळेत आलेलं असतं. ते मागून घ्या आणि स्वतः वाचा. गुण कशाकशाला आहेत हेही त्यात असतं: कल्पकता, वैज्ञानिक विचार, कारागिरी, उपयुक्तता, कमी खर्च, सादरीकरण. थर्माकोलच्या सजावटीला वेगळे गुण नसतात, एवढं वाचलं तरी अर्धं काम झालं.

इन्स्पायर अवॉर्ड मानक ही योजना वेगळी. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या साथीने चालते. शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते आणि निवड झालेल्या मुलाच्या बँक खात्यात 10,000 रुपये येतात. तिथे एखाद्या अडचणीवर नवी युक्ती, नवं साधन हवं असतं. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993पासून भरते. ती 10 ते 17 वयाच्या मुलांसाठी आहे आणि आपल्या गावातल्या, परिसरातल्या प्रश्नाचा अभ्यास करा असं सांगते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी आणि प्रात्यक्षिकाच्या पायऱ्या ओलांडल्यावर कृती संशोधन प्रकल्प करावा लागतो.

इन्स्पायरला युक्ती चालते, बाकीच्या तिन्ही ठिकाणी मोजमापाचा प्रकल्प उत्तम चालतो. प्रदर्शनात मॉडेलही चालतं, पण मॉडेलच करायचं असेल तर ते काहीतरी मोजणारं करा.

प्रश्न कुठे सापडतो

इंटरनेटवर 'बेस्ट सायन्स प्रोजेक्ट' शोधू नका. तिथे सापडेल ते तालुक्यातल्या आणखी दहा शाळांनाही सापडलेलं असतं. त्याऐवजी घरातल्या मोठ्यांची ठाम विधानं कान देऊन ऐका. "जुना माठ पाणी गार करत नाही." "बोअरच्या पाण्याला साबण जास्त लागतो." "तांदूळ आधी भिजवले की गॅस वाचतो." "पत्र्याला पांढरा रंग दिला की घर तापत नाही." यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे न तपासलेला दावा आहे. आजीला विचारलंत तर तासाभरात वही भरेल.

मग त्या दाव्यांना गाळणी लावायची. उत्तर आकड्यात येईल का? सेकंद, ग्रॅम, अंश, सेंटिमीटर, मोड आलेल्या दाण्यांची संख्या, काहीही चालेल, पण 'छान', 'जास्त', 'बरं वाटतं' हे नको. एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवता येतील का? प्रदर्शनाच्या आत तीनदा करून होईल का? आंब्याच्या कोयीपासून झाड वाढवायचा प्रकल्प इथेच गळतो, मटकीचे मोड टिकतात. सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना क्षारपड जमीन डोळ्यांसमोर असते. लिटरभर पाण्यात 0, 2, 4, 6, 8 ग्रॅम मीठ घालून प्रत्येकात पन्नास-पन्नास मटकीचे दाणे भिजवले आणि रोज ठरलेल्या वेळी मोड मोजले, तर चार-पाच दिवसांत एक पूर्ण प्रयोग होतो. पन्नास दाणे मोजताना कंटाळा येतो हे खरं आहे. विज्ञानात कंटाळा बराच असतो.

काही गोष्टी मात्र मुळातच टाळा: घरच्या 230 व्होल्टच्या विजेशी खेळ, ॲसिड, आणि डबीत बुरशी किंवा जंतू वाढवणं. शेवटचं पुष्कळ मुलांना आवडतं, पण काय वाढतंय ते आपल्याला ठाऊक नसतं आणि डबी कुणीतरी उघडतंच. माणसांवर किंवा प्राण्यांवर काही करून पाहायचं असेल तर आधी शिक्षकांची लेखी परवानगी घ्या.

मी इथे माठच घेतो, पण प्रश्न आजीच्या दाव्याहून जरा वेगळा. 'माठात पाणी गार का होतं' हे पुस्तकात आहे. ते विचारण्यात अर्थ नाही. आपला प्रश्न असा: पंख्यासमोर ठेवलेल्या माठातलं पाणी जास्त गार होतं, की नुसतं लवकर गार होतं? वाचताना वाटतं उत्तर सरळ आहे. घरात चार जणांना विचारा, चौघं वेगवेगळं सांगतील. चांगल्या प्रश्नाची ही खूण.

माठ नको, सुगडं घ्या

दहा लिटरचे नऊ माठ कोण आणणार आणि कुठे ठेवणार? संक्रांतीची सुगडं या कामाला फार सोयीची आहेत. एकाच कुंभाराने एकाच भट्टीत भाजलेली, जवळपास सारख्या मापाची, स्वस्त आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मावणारी. ती पाच-पाचच्या हिशोबाने मिळतात. दहा घ्या, एखादं फुटतंच. संक्रांतीआधी प्रदर्शन असेल तर थेट कुंभारवाड्यात जा, तिथे माल आधीपासून तयार होत असतो. नाहीतर घटस्थापनेचे छोटे घट किंवा दह्याची मडकी चालतील. अट एकच: बाहेरून रंग, वॉर्निश, चमकी काही नको. चकचकीत सुगडातून पाणी पाझरत नाही आणि प्रयोग तिथेच बसतो.

आणल्यावर प्रत्येकाला पेन्सिलीने क्रमांक द्या. कोरडं वजन लिहा. मग आपण तीन गट पाडणार आहोत. पहिल्या गटातली तीन सुगडं साधी, स्थिर हवेत. दुसरी तीन साधी, पंख्यासमोर. तिसऱ्या गटातल्या तिघांना बाहेरून तैलरंगाचे दोन हात द्यायचे आणि दोन दिवस वाळवायचे. हे रंगवणं पाण्यात भिजवण्याआधीच करा. ओल्या मातीवर रंग धरत नाही.

रंगवलेलं सुगड हा या प्रयोगाचा कणा आहे, म्हणून थोडं थांबतो. बहुतेक मुलं तुलनेसाठी स्टीलचा तांब्या ठेवतात. पण तांब्या आणि सुगड यांत सगळंच वेगळं असतं: धातू, जाडी, आकार, रंग. फरक दिसला तरी तो कशामुळे हे सांगता येत नाही. रंगवलेलं सुगड त्याच मातीचं, त्याच जाडीचं, त्याच आकाराचं. फक्त बाहेरच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन बंद. आता फरक दिसला तर त्याचं श्रेय बाष्पीभवनाला देता येतं. याला नियंत्रित नमुना म्हणतात आणि परीक्षक सगळ्यात आधी तोच शोधतात.

प्रत्येक गटात तीन का? कारण एकाच सुगडाला बारीक चीर असू शकते, एखादं जास्त भाजलेलं असू शकतं. तिघांनी मिळून एकच गोष्ट सांगितली तर ती मातीची गोष्ट. एकट्याने सांगितली तर त्या सुगडाची.

रंग वाळल्यावर सगळी सुगडं रात्रभर बादलीत भिजत घाला. सकाळी बाहेरून पुसून पुन्हा वजन करा. भिजलेलं वजा कोरडं म्हणजे मातीने शोषलेलं पाणी. ते कोरड्या वजनाच्या किती टक्के आहे ते काढा. न रंगवलेल्यांत एखादं फारच वेगळं निघालं तर त्याऐवजी दहावं वापरा आणि का बदललं ते वहीत लिहा. हा आयता मिळालेला आकडा पुढे मांडणीत उपयोगी पडतो.

साधनांची खातरजमा

ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही. त्याची पट्टी साधारण 35 ते 42 अंशांचीच असते. शाळेच्या प्रयोगशाळेतला लाल द्रवाचा थर्मामीटर चालेल, पण त्यावर बहुधा एकेका अंशाच्याच खुणा असतात. दशांशापर्यंत दाखवणारा डिजिटल थर्मामीटर मिळाला तर उत्तम, कारण आपल्याला हवा तो फरक एखाद-दोन अंशांचाच असू शकतो. पाऱ्याचा घरी आणूच नका.

एकापेक्षा जास्त थर्मामीटर असतील तर आधी सगळे एकाच भांड्यातल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. ते एकसारखं दाखवणार नाहीत. कोणता किती जास्त-कमी दाखवतो ते लिहून ठेवा आणि पुढच्या नोंदीतून तेवढं वजा करा किंवा मिळवा. शक्य असेल तर सगळ्या सुगडांसाठी एकच वापरा. फोडलेल्या बर्फाच्या पाण्यात तो शून्याच्या आसपास आला की मनाला धीर येतो.

वजनकाटा एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला चालतो. नसेल तर शेजारी केक करणाऱ्या कुणाकडे हमखास असतो.

आणखी एक थर्मामीटर मिळाला तर त्याच्या फुग्यावर समईची ओली वात गुंडाळा आणि वातीचं दुसरं टोक वाटीभर पाण्यात सोडा. त्यावर पंख्याचा वारा लागू द्या. कोरड्या थर्मामीटरपेक्षा हा कमी तापमान दाखवतो आणि हवा जितकी कोरडी तितका फरक मोठा. तक्त्यावरून सापेक्ष आर्द्रताही काढता येते. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी: सुगडातलं पाणी बाष्पीभवनाने या ओल्या थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा खाली जाऊ शकत नाही. ती त्या दिवसाच्या हवेची तळरेषा. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ही रेषा वर असते, नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खूप खाली. कोकणातले लोक माठाचं विदर्भाएवढं कौतुक का करत नाहीत ते यात आलं.

प्रत्यक्ष प्रयोग

आदल्या रात्री मोठी बादली भरून त्याच खोलीत ठेवा. सकाळपर्यंत पाणी खोलीच्या तापमानाला येतं. नळाचं ताजं पाणी टाकीतून येतं, ते कधी गार तर कधी कोमट असतं, आणि मग सुरुवातच वेगवेगळी होते.

सुगडं सुरू करायच्या क्षणापर्यंत बादलीतच राहू द्या. एकेक काढा, बाहेरून पुसा, मापाने सारखं पाणी भरा. सुगड किती मोठं यावर माप ठरेल. मी 300 मिली धरतो. तोंडावर सगळ्यांना सारखं झाकण, म्हणजे वरून होणारं बाष्पीभवन जवळपास थांबेल आणि भिंतींतून होणारं तेवढं उरेल. खाली बशी, बशीत बांगडी आणि बांगडीवर सुगड, म्हणजे गोल बूड डळमळत नाही आणि तळालाही हवा लागते. सुगडातून थेंब गळून बशीत साचले तर ते उडून गेलेलं पाणी नव्हे; म्हणून वजन नेहमी बशी-बांगडी-झाकणासकट करायचं. ही बारीकशी गोष्ट सुटली तर बाष्पीभवनाचा आकडा फुगतो आणि का फुगला ते कळतही नाही.

पहिला आणि तिसरा गट एका खोलीत, पंखा बंद, ऊन येणार नाही अशा ठिकाणी. दुसरा गट शेजारच्या खोलीत, टेबलफॅनपासून मीटरभर अंतरावर, तिन्ही सुगडं पंख्यापासून सारख्याच अंतरावर. एकाच खोलीत करू नका, पंख्याचा वारा बाकीच्यांनाही लागतोच. दोन्ही खोल्यांमधलं हवेचं तापमान दर वेळी लिहा. दोन खोल्या सारख्या आहेत हे नुसतं म्हणायचं नाही, दाखवायचं. पाणी सांडेल तिथे पंख्याची वायर आणि बोर्ड नको.

सुरुवातीचं वजन, सुरुवातीचं तापमान. मग तीन तास, दर अर्ध्या तासाने फक्त तापमान: झाकण किंचित सरकवा, थर्मामीटरनेच हलकेच ढवळा, आकडा स्थिरावू द्या, थर्मामीटर पाण्यात असतानाच डोळ्यांच्या पातळीवर वाचा, झाकण लावा. नऊ सुगडांना आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणून क्रम दर वेळी तोच ठेवा. वजन मात्र शेवटीच. सुगडातून तासाला काही ग्रॅमच पाणी उडतं, दर अर्ध्या तासाने काटा काढलात तर त्याच्या एका ग्रॅमच्या खोटीतच सगळं बुडेल.

हे सगळं आणखी दोन वेगळ्या दिवशी करा. एक दिवस ढगाळ मिळाला तर उलट चांगलं, ओली वात काय सांगते ते पाहायला मिळेल.

कच्ची वही

नोंदी थेट वहीत, पेनाने, तारीख-वेळ घालून. चुकलं तर एक रेघ मारायची, खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चहाचा डाग पडला तर पडू द्या. घरातल्या मोठ्यांना ही वही नंतर सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचा मोह होतो. उतरवा, पण कच्ची वही फेकू नका. अनुभवी परीक्षक फाइलपेक्षा तीच मागतात, कारण तिच्यात आकडे खरे आहेत की रात्रीत रचलेले ते लगेच दिसतं. रचलेले आकडे फार गुळगुळीत असतात.

आणि प्रयोगाआधी पहिल्या पानावर तुमचा अंदाज लिहा. "पंख्यासमोरचं पाणी लवकर गार होईल, पण शेवटी दोन्ही सारखीच होतील, कारण..." असा. अंदाज चुकला तरी गुण जात नाहीत. नंतर लिहिलेला अंदाज मात्र कुणालाही ओळखू येतो.

आकड्यांचं काय करायचं

प्रत्येक गटातल्या तिघांची सरासरी काढा, आणि तिच्या शेजारी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडाही लिहा. समजा तीन तासांनी स्थिर हवेतली सुगडं 23, 24, 23 अंशांवर आहेत आणि पंख्यासमोरची 22, 23, 23 वर. सरासरीत फरक आहे, म्हणून 'पंख्याने जास्त गार होतं' असं लिहायचं का? नाही. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळले आहेत आणि थर्मामीटरच्या खुणाही एका अंशाच्या आहेत. इथे प्रामाणिक वाक्य असं: 'आमच्या साधनांनी फरक दाखवता आला नाही.' हे वाक्य फलकावर लिहिणारं मूल मी पाहिलं की मला त्याला तिथेच पहिला नंबर द्यावासा वाटतो.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. तीन गटांच्या तीन रेषा, आणि ओल्या थर्मामीटरची चौथी, आडवी. तुम्हाला बहुधा असं दिसेल: रंगवलेल्या सुगडांची रेषा हवेच्या तापमानाजवळ रेंगाळते, स्थिर हवेतली हळूहळू उतरते आणि एका जागी थबकते, पंख्यासमोरची भराभर उतरते. ती शेवटी किती खाली जाते हेच तर आपल्याला शोधायचं आहे. शास्त्र असं सांगतं की वारा बाष्पीभवन वाढवतो, पण त्याच वेळी हवेतली उष्णता गार झालेल्या सुगडाला आणूनही देतो. दोन्ही सोबत वाढतात, त्यामुळे शेवटच्या तापमानातला फरक सुरुवातीच्या वेगातल्या फरकाएवढा मोठा नसावा. शिवाय माती हवं तितकं पाणी बाहेर पाझरवू शकली नाही तर पृष्ठभाग सुकतो आणि पंख्याचा फायदाच संपतो. तुमच्या सुगडांचं काय झालं ते तुमचा आलेख सांगेल. पुस्तकाच्या बाजूने आकडे वाकवायला जाऊ नका.

आता वजनाचा हिशोब, जो या प्रकल्पाला नुसत्या 'गार झालं'च्या वर नेतो. पुस्तकात बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा, म्हणजे पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता, ग्रॅमला 540 कॅलरी दिलेला असतो, तो 100 अंशांवरचा. खोलीच्या तापमानाला तो साधारण 580 धरा. समजा एका सुगडातून 10 ग्रॅम पाणी उडालं. म्हणजे 5,800 कॅलरी उष्णता गेली. ती सगळी आतल्या 300 ग्रॅम पाण्यातूनच गेली असती तर पाणी 5,800 भागिले 300, म्हणजे 19 अंशांहून जास्त उतरायला हवं होतं. प्रत्यक्षात उतरलं असेल पाच-सहा अंश.

मग बाकीची उष्णता कुठून आली? आसपासच्या हवेतून, भिंतींकडून, खालच्या बशीतून. सुगड गार होऊ लागलं की भोवतालातून उष्णता त्याच्यात शिरू लागते. जाणारी आणि येणारी समसमान झाली की तापमान थबकतं. आलेखातली ती सपाट झालेली रेषा म्हणजे हेच. पंख्यासमोरच्या सुगडांचाही असाच हिशोब मांडा: किती जास्त पाणी खर्च झालं आणि त्या बदल्यात किती अंश जास्त मिळाले? पाण्याची टंचाई असलेल्या गावात हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

एखादं सुगड भलतंच वागलं तर त्याचा आकडा गुपचूप वगळू नका. तक्त्यात ठेवा, शेजारी शेरा लिहा. चीर दिसली का? पुसायचं राहिलं होतं का? कारण सापडलं नाही तर तसंही लिहा.

मांडणी

फ्लेक्स छापून घेण्याची सध्या साथ आली आहे. मुलाचा फोटो, मुख्याध्यापकांचा फोटो, पार्श्वभूमीला आकाशगंगा. वाढदिवसाच्या फलकात आणि यात फरक उरत नाही. त्यापेक्षा खोक्याचा जाड पुठ्ठा घडी घालून तीन भागांत उभा करा. मधोमध वर प्रश्न, दोन मीटरवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात, आणि त्याखाली आलेख. डावीकडे प्रयोग कसा केला ते, एखाद्या छायाचित्रासह. उजवीकडे निष्कर्ष आणि मर्यादा. माहिती भरायला जागा उरली म्हणून 'माठाचे आरोग्यदायी फायदे' वगैरे लिहू नका. जे तपासलं नाही ते फलकावर नको.

टेबलावर एक साधं आणि एक रंगवलेलं सुगड सकाळी लवकर भरून ठेवा, परीक्षक येईपर्यंत दोन-तीन तास जायला हवेत. आल्यावर त्यांना दोन्हींना हात लावायला सांगा. फरक बोटांना कळतो, आणि मग आलेखाकडे त्यांचं लक्ष आपोआप जातं. जादा थर्मामीटर, पुसायचं फडकं, पाण्याची बाटली आणि कच्ची वही पिशवीत असू द्या. पंखा नेऊ नका. सभागृहात प्लग पॉइंटसाठी भांडणं होतात.

परीक्षक काय विचारतात

पाठांतर करू नका. घरच्यांपैकी ज्याला या प्रकल्पाची काहीच माहिती नाही अशा कुणाला तरी परीक्षक करा आणि वाटेल ते विचारायला सांगा. बोलणं साधारण असं होतं:

"हे रंगवलेलं कशाला ठेवलंयस?"

"सर, त्याच्यातून बाहेरच्या बाजूने बाष्पीभवन होत नाही. बाकी सगळं सारखं आहे. म्हणून फरक बाष्पीभवनाचाच आहे असं म्हणता येतं."

"पण रंगामुळे उष्णतेची ये-जा बदलली असेल तर?"

इथे पुष्कळ मुलं अडखळतात. चांगलं उत्तर आहे: "असू शकेल सर. रंगाचा थर पातळ आहे म्हणून परिणाम कमी असेल असं वाटतं, पण आम्ही तो तपासला नाही. तपासायचा तर साधी आणि रंगवलेली अशी कोरडीच सुगडं घेऊन, आत पाण्याची पिशवी ठेवून, पाणी किती वेगाने निवतं ते पाहता येईल." 'माहीत नाही'च्या पुढे 'कसं शोधायचं' हे सांगता आलं की परीक्षक मान डोलावतात.

"बाबांनी किती मदत केली?" हेही विचारतात, कधी आडून. खरं सांगा. रंग बाबांनी दिला, पंखा आईने धरून ठेवला, नोंदी मी केल्या, यात लपवण्यासारखं काही नाही. पालकांनी वेळ लावून द्यावी, काटा आणून द्यावा, सुरीकातरी सांभाळावी. थर्मामीटर मात्र मुलानेच वाचावा, चुकीचा वाचला तरी.

तालुक्याला निवड झाली तर मधल्या दिवसांत फलक चकचकीत करण्यात वेळ घालवू नका, नोंदी वाढवा. कोरड्या हवेच्या गावात कुणी मामेभाऊ-मावसबहीण असेल तर त्यांना हीच कृती लिहून पाठवा, तशीच सुगडं आणि तेवढंच पाणी घ्यायला सांगा आणि फोनवर आकडे मागवा. किंवा घरातला जुना माठ बाहेर काढा, बोअरच्या पाण्याने त्याच्यावर पांढरा थर धरला असेल तर त्याच मापाच्या नव्या माठाशेजारी ठेवून दोन्हींचं वजन करा. आजीचा तो पहिला दावा अजून तपासायचा राहिलाच आहे.